परकीय किडींचा प्रवास आणि प्रवाशाचे कर्तव्य



पुण्याहून येणारा रस्ता केडगाव ओलांडून अहिल्यानगर शहरात शिरतो. नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनास गावोगावचे भाविक येथे येतात. भाजीपाल्याच्या मालमोटारींची ये-जा तर बारमाही असते. माणसांच्या आणि मालाच्या या रहदारीबरोबर काही अनाहूत पाहुणेही येतात. ते म्हणजे परदेशातून आलेल्या किडी.

टोमॅटोवरील टुटा ॲब्सोल्युटा या किडीचेच उदाहरण घेऊ. ती मूळची दक्षिण अमेरिकेतील. २००६ साली ती स्पेनमध्ये पोहोचली आणि २०१४ साली भारतात प्रथम पुणे परिसरात आढळली. तिची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून आतील हिरवा भाग खाते आणि टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पाडून फळात शिरते. असे फळ वरवर निरोगी दिसते. ते क्रेटमध्ये भरले जाते आणि बाजारात जाते. रिकामा क्रेट मग दुसऱ्याच तालुक्यातील शेतावर पोहोचतो. त्याच्या सांदीत अडकलेल्या पाल्यात एखादा कोष राहिला, तरी नव्या शिवारात किडीचा शिरकाव होऊ शकतो.

पपईवरील पिठ्या ढेकणाची कथाही अशीच आहे. मध्य अमेरिकेकडील ही कीड २००८ साली कोईमतूर येथे आढळली व पुढे महाराष्ट्रातही पसरली. तिच्या मादीस पंख नसतात. तिची सूक्ष्म पिले वारा, रोपे, अवजारे व कपडे यांच्या आधारे दूरवर जातात. अखेर २०१० साली पोर्टोरिको येथून तिचे नैसर्गिक शत्रू असलेले परोपजीवी कीटक आणून सोडावे लागले, तेव्हा ती आटोक्यात आली. मायदेशी किडीला आवर घालणारे शत्रू नव्या देशात नसतात, म्हणूनच ती येथे इतकी माजते.

सर्वच किडी माणसाच्या हाती थांबत नाहीत. २०१८ साली कर्नाटकात प्रथम आढळलेल्या मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचे पतंग एका रात्रीत अनेक मैल उडतात. परंतु ज्या किडी पिशवीतून, रोपातून वा क्रेटमधून जातात, त्यांची वाट अडविणे सर्वस्वी माणसाच्या हाती आहे.

देशाच्या सीमेवर कायद्याचा पहारा आहे. १९१४ चा विनाशकारी कीटक व कीड कायदा आणि त्याखालील २००३ चा वनस्पती संगरोध आदेश यांनुसार परदेशातून रोपे वा बियाणे आणण्यास आयात परवाना व वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. परदेशातील आप्तांनी प्रेमाने दिलेले रोपही त्यास अपवाद नाही. मात्र तालुक्या-तालुक्यांच्या शिवेवर असा पहारा ठेवता येत नाही. तेथे प्रत्येक प्रवाशानेच पहारेकरी व्हावयास हवे.

त्यासाठी फार खर्च येत नाही. परत आलेले क्रेट शेतात नेण्यापूर्वी झाडून, धुऊन कडक उन्हात वाळवावेत. रोपे खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्यावीत व पानांची खालची बाजू निरखून पाहावी. कीडग्रस्त शेतातून निघताना कपडे, पादत्राणे व अवजारे स्वच्छ करावीत. किडकी फळे बांधावर वा रस्त्याकडेला न टाकता खोल पुरावीत.

पंचायत सदस्यांनी आठवडे बाजारातील सडक्या मालाची त्याच दिवशी विल्हेवाट लावण्याची व्यवस्था करावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना परिसरातील पाने-फळे तपासण्याची सवय लावावी. मुलांची नजर तीक्ष्ण असते. अनोळखी कीड दिसताच नमुना घेऊन हिंडू नये, कारण त्यामुळे तीच पसरते. तिचे छायाचित्र घेऊन कृषी विभागास कळवावे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे. तेथील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

नव्या किडीचे पहिले ठाणे एखाद्याच वाफ्यात असते, तेव्हा ते उखडता येते. ती तालुकाभर पसरली की हंगामामागून हंगाम फवारणीचा खर्च शेतकऱ्याच्या माथी बसतो. प्रवासातील पाच मिनिटांची दक्षता हा खर्च वाचवू शकते.