वडील भावंडांचा सल्ला



ज्युबिलीच्या तयारीस जमलेल्या कॉलेजच्या मुलांस मीं विचारिलें, “पुन्हां आठवींत बसावयास मिळालें, तर काय कराल?” बहुतेकांनीं एकच उत्तर दिलें : “समजलें नाहीं, तें तेथेंच विचारूं.”

मराठी शाळेंत ‘प्रकाशसंश्लेषण’ पाठ झालेलें असतें. अकरावीच्या शास्त्रशाखेंत तेंच ‘फोटोसिंथेसिस’ होऊन समोर येतें आणि हुशार मूलहि गप्प बसतें. सेमिनरींत तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षीं मीहि असाच गप्प बसलों. तें भय मोडण्यांत वर्ष गेलें.

म्हणून आजच एक वही करा. डावीकडे मराठी शब्द लिहा, उजवीकडे इंग्रजी. आणि अडेल तेथें हात वर करा. मागच्या बाकावरील मुलासहि बहुधा तोच प्रश्न पडलेला असतो. परमेश्वर तुम्हांस तें धैर्य देवो.