मिशीवाली तारामती

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याचा मला सराव नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु कोजागिरीला आपण जे प्रहसन केले, त्याची हकीकत मीच सांगावी असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

नाटकाचे वेड आपल्या अमरावतीला नवे नाही. १९०५ साली मुंबईस पहिले मराठी नाट्यसंमेलन भरले, त्याचे अध्यक्ष आपले दादासाहेब खापर्डे होते. 'रणदुंदुभी' लिहिणारे वीर वामनराव जोशीही आपल्याच गावचे. मग आपणही अर्ध्या तासाचे काही का करू नये, असे एका बैठकीत निघाले. विषय सापडला तो 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' ह्या परेश मोकाशी यांच्या २००९ सालच्या चित्रपटात. धुंडिराज फाळक्यांनी पहिला चित्रपट कसा काढला, त्याची ती हसतखेळत सांगितलेली गोष्ट. आपण सर्वजणींनी ती मंडळातच बसून पाहिली होती.

फाळके 'राजा हरिश्चंद्र' काढायला निघाले, तेव्हा तारामतीसाठी बाईच मिळेना. जाहिराती देऊन झाल्या, नाचगाण्याच्या वस्तीत विचारून झाले, पण कोणी तयार होईना. शेवटी हॉटेलात आचारी असलेले अण्णा साळुंके तारामती झाले. त्यातही मिशीची अडचण! बाप वारल्याशिवाय मिशी उतरवायची नाही, अशी त्या काळची समजूत. अखेर ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात चित्रपट लागला. पुढे १९१७ सालच्या 'लंकादहन' मध्ये ह्याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशी दोन्ही कामे केली.

ह्या गोष्टीला आम्ही पदरचे तिखटमीठ लावले. फुशारक्या मारणारा एक मॅनेजर घातला, काम सुरू होण्याआधीच हार मागणारा एक नट घातला, आणि मिशीला हात लावू न देणारी तारामती तर होतीच. फाळक्यांकडे पुरुषांना बाई व्हावे लागले. आमच्याकडे बाईने आधी पुरुष व्हायचे आणि मग त्या पुरुषाने बाई व्हायचे! काजळाने काढलेली मिशी घामाने हनुवटीवर ओघळली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "काहो, ह्या बाईले मिशी कायले लावली?" त्या हशात पुढची दोन वाक्ये कोणाला ऐकूच आली नाहीत.

हे झाले हसण्याचे. आता मनातले बोलते.

नाटकात आम्ही थट्टा कोणाची केली? नावासाठी आणि हारासाठी भांडणाऱ्या नटांची. आणि तालमीत आम्ही काय केले? पत्रिकेत कोणाचे नाव आधी छापायचे, यावरून दोन दिवस तालीम बंद पाडली. मीही त्यात होते. मला प्रॉम्प्टरचे काम मिळाले म्हणून मी रुसले होते. "सातवीवालीला पुढे कोण उभी करणार," असे घरी बोलूनही गेले.

ह्या भांडणात एक गोष्ट सगळ्याच विसरलो. आपल्याच आळीतल्या एका बाईंनी जुन्या साड्या जोडून मोठा पडदा शिवला होता. आठ दिवस त्या मशीनवर बसल्या होत्या. पत्रिकेत पंधरा नावे छापली, त्यांत त्यांचे नव्हते. नाटकालाही त्या आल्या नाहीत, आणि 'त्या कुठे आहेत' असे कोणी विचारलेही नाही.

त्या रात्री विंगेत उभी राहून मी सरस्वतीबाई फाळक्यांची वाक्ये सांगत होते. ह्या माउलीने सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, कच्च्या फितीला भोके पाडली, रसायने कालवली, उन्हात पांढरी चादर धरून उभी राहिली. तारामतीचे काम तूच कर, असे नवऱ्याने म्हटले, तेव्हा 'मग बाकीचे कोण करील?' असे तिने विचारले म्हणतात. ते वाक्य सांगताना माझा आवाज अडकला. ज्या पडद्याआड मी उभी होते, तो शिवणारी घरी बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. नाव राहून गेले, वाईट वाटून घेऊ नका, असे म्हणाले. त्या म्हणाल्या, "नाव नाई छापलं त्याचं काई नाई बाई. पण नाटक पाहाले ये, असं तरी कोनी म्हनलं का मले?"

मला उत्तर देता आले नाही.

भगिनींनो, माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी नावे अकारविल्हे छापा, आणि पडदा शिवणारी, चहा करणारी, सतरंज्या उचलणारी, सगळ्यांची छापा. आणि छापण्याच्याही आधी घरी जाऊन बोलावणे करा. हळदीकुंकवाला जातो तशा जा. आज त्या बाई इथे आल्या आहेत. नाव घेऊ नको असे त्यांनी बजावले आहे, म्हणून घेत नाही. पण हा मागचा पडदा त्यांचा आहे, तो सर्वांनी एकदा नीट पाहावा.

मी आपली पुढच्या नाटकातही प्रॉम्प्टर व्हायला खुशीने तयार आहे. फक्त पत्रिकेत नाव विसरू नका, म्हणजे झाले!