सोडल्यानंतरची पानं : स्वागताध्यक्षीय भाषण



व्यसनमुक्तीच्या लेखनावरचं संमेलन पुण्यात भरावं, हे योग्यच आहे. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, आहारी गेलेल्या तरुणांवर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. १९८६ साली डॉ. अनिता अवचटांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. या शहरात लेखणीमुळे एक केंद्र उभं राहिलं, आणि त्या केंद्रातून पुढे ‘मुक्तांगणची गोष्ट’ हे पुस्तक आलं. आज आपण बोलणार आहोत ते त्याच्या पुढचं. जो स्वतः त्यातून गेला, त्यानं आपलं पुस्तक कोणत्या रूपात लिहावं?

मी प्रकाशक आहे. अशी हस्तलिखितं माझ्याकडे येतात आणि मी ती आदरानं वाचतो. बहुतेकांची ठेवण सारखीच असते. पहिला पेग, मित्र, चोरून पिणं, उधारी, बायकोचे दागिने, नोकरी जाणं, मारामारी, पोलीस, हॉस्पिटल असं भराभर येत राहतं. शेवटच्या आठ-दहा पानांत लेखक केंद्रात दाखल होतो, सोडतो, आणि सर्वांचे आभार मानतो. पिण्याची दहा वर्षं दोनशे पानं घेतात, न पिण्याची दहा वर्षं एका परिच्छेदात संपतात. वाचायला हवी होती ती नेमकी हीच वर्षं.

हा दोष लेखकांचा नाही. पडण्याच्या गोष्टीला आयतं कथानक असतं. ‘एकच प्याला’ हे गडकऱ्यांचं दारूच्या व्यसनावरचं नाटक १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच रंगभूमीवर आलं. शंभर वर्षांहून अधिक काळ आपण त्याच्या नायकाचा, सुधाकराचा, ऱ्हास पाहतो आहोत. त्या नाटकातही सुधाकर एकदा दारू सोडायचं ठरवतो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. शोकांतिकेला तेवढं पुरतं. पण जो वळला नाही, त्या माणसाच्या सोमवार-मंगळवारचं काय करायचं? संध्याकाळी सात वाजता घशाला कोरड पडते तेव्हा तो काय करतो, पगाराच्या दिवशी कोणत्या रस्त्यानं घरी जातो, भावाच्या लग्नाच्या वरातीत कुठे उभा राहतो, यात नाट्य कमी आहे. म्हणूनच त्याला वेगळा साचा लागतो.

सलग आत्मचरित्र हा पहिला विचार असतो. त्याची अडचण अशी की आत्मचरित्राला शेवट लागतो आणि व्यसनमुक्तीला तो नसतो. इंग्रज लेखक डी क्विन्सीनं १८२१ मध्ये अफूच्या व्यसनाचे कबुलीजबाब एका मासिकातून छापले. शेवटी वाचकाचा समज होतो की गृहस्थ सुटला. पुढच्याच वर्षी पुस्तक निघालं तेव्हा परिशिष्टात त्याला मान्य करावं लागलं की अफू पुरती सुटलेली नाही. दारू सोडलेल्यांच्या आपल्या मीटिंगमध्ये आपण ‘फक्त आजचा दिवस’ म्हणतो. मग पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ‘कायमचा’ हा शब्द कशाला? उद्या स्लिप झाली, म्हणजे पुन्हा पिणं झालं, तर छापलेल्या त्या शब्दाचं ओझं सर्वांत आधी लेखकाच्याच मानेवर बसतं. मदत मागायलाही मग लाज वाटते.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या लोकांनी १९३९ साली यावर जो मार्ग काढला, त्याचं मला फार मोल वाटतं. त्यांच्या ज्या पुस्तकाला सगळे ‘बिग बुक’ म्हणतात, त्यात आधी विचार आणि बारा पायऱ्या आहेत, आणि मग एकामागून एक माणसांच्या गोष्टी, पूर्ण नावाशिवाय. १९५५, १९७६ आणि २००१ च्या आवृत्त्यांत गोष्टी बदलत गेल्या, मूळ भाग जवळपास तसाच राहिला. पहिल्या आवृत्तीत गोष्ट सांगणाऱ्यांपैकी काहीजण पुढे पुन्हा पिऊ लागले. तरी पुस्तक कोसळलं नाही, कारण ते कुणा एकाच्या शुद्धीवर उभं नव्हतं. माझं स्पष्ट मत आहे की मराठीत आज अशा अनेक आवाजांच्या पुस्तकाची गरज सर्वांत जास्त आहे. शेअरिंगमध्ये, म्हणजे एकमेकांना अनुभव सांगताना, बोलतो तेवढ्याच लांबीचे, पाच-सहा पानांचे लेख, आणि त्यात घरच्यांचेही. अमेरिकेत २००८ साली डेव्हिड शेफ या बापानं आणि निक या मुलानं, मुलाच्या एकाच व्यसनावर दोन स्वतंत्र पुस्तकं लिहिली. तेच घर दोन्हींत वेगळं दिसतं. आपल्याकडे नवऱ्याच्या प्रकरणाशेजारी बायकोचं प्रकरण का नसावं? तो ज्या रात्रीबद्दल ‘मला काही आठवत नाही’ असं लिहितो, ती रात्र तिला मिनिटामिनिटानं आठवत असते.

ज्यांना एकट्यानंच लिहायचं आहे त्यांनी दया पवारांचं ‘बलुतं’ जवळ ठेवावं. विषय वेगळा आहे, पण १९७८ च्या त्या पुस्तकात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. जगलेला आणि लिहिणारा असे दोन मी. पिणारा आणि आता न पिणारा यांना असं समोरासमोर बसवता आलं, तर पश्चात्तापाचा गळेकाढूपणाही टळेल आणि पराक्रमाच्या बढायाही. डायरीचाही मार्ग आहे. फ्रेंच कवी कॉक्तो यानं अफू सोडवण्याच्या उपचारांत असताना नोंदी केल्या, चित्रं काढली. त्यांचं पुस्तक १९३० मध्ये आलं. टर्कीच्या, म्हणजे नशा तुटल्यावरच्या त्रासाच्या, दिवसांत सलग वाक्यं सुचत नाहीत. मग तुटक नोंदी तशाच छापायला काय हरकत आहे?

मात्र रंग चढवायचा असेल तर वर ‘कादंबरी’ असं लिहा. जेम्स फ्राय या अमेरिकन लेखकाचं व्यसनमुक्तीचं ‘आत्मकथन’ लाखोंनी खपलं. २००६ मध्ये त्यातले प्रसंग रचलेले आहेत हे उघड झालं, आणि प्रकाशकाला वाचकांना पैसे परत देऊ करावे लागले. त्यावर विश्वास ठेवून स्वतः सोडायला निघालेल्या वाचकाचं जे नुकसान झालं, ते पैशानं कसं भरून निघणार?

‘दारू कशी सोडावी’ असं मार्गदर्शक पुस्तक लिहिणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवलं तर दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ‘मी एका रात्रीत सोडली’ हे तुमचं सत्य असेल, पण ते सल्ला म्हणून छापू नका. असं हस्तलिखित आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि नावांचं. आडनाव बदललं तरी तालुक्याच्या गावात माणूस ओळखू येतो. दुकान, गल्ली, मुलांची शाळा हेही बदलावं लागतं. ज्या प्रसंगात पत्नी आहे, मुलगी आहे, तो छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवा, आणि त्या नको म्हणाल्या तर तो गाळा. पुस्तक त्यानं बारीक होईल, होऊ द्या.

उद्या सकाळच्या कार्यशाळेला येताना प्रत्येकानं एक पान लिहून आणावं, सोडल्यानंतरच्या कोणत्याही एका साध्या दिवसाचं. पत्नी आणि आई-वडिलांसाठी वरच्या मजल्यावर वेगळी बैठक आहे, त्यांनीही वह्या आणाव्यात. आज संध्याकाळच्या शेअरिंगमध्ये कॅमेरे आणि मोबाइल बंद राहतील. वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींनी त्या वेळी सभागृहाबाहेर थांबावं, त्यांच्या चहाची व्यवस्था समितीनं केली आहे. आता मी संमेलनाध्यक्षांना उद्घाटनाची विनंती करतो.