तीन मिनिटांचा चिक चॉकलेट

चिक चॉकलेट म्हणजे गोव्याच्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ. जन्म 1916चा. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा जाझ ट्रम्पेट घुमे. त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांचं संगीत असलेल्या 'अलबेला' चित्रपटात, 1951 साली, झालरीच्या बाह्या घालून ते वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसले. तरी श्रेयनामावलीत असे वादक क्वचितच येत. 1967 साली ते गेले.

2012 साली नरेश फर्नांडिस यांच्या 'ताज महाल फॉक्सट्रॉट' पुस्तकासोबत मुंबईच्या जुन्या जाझ तबकड्यांची सीडी निघाली. जरूर ऐका. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तेवढ्यात सगळं सांगायचं, म्हणून एकही सूर वाया जात नाही. खरखर राहू द्या, कान ट्रम्पेटवर ठेवा. मग 'अलबेला' पुन्हा लावा.