पुराचं अर्धं वेळापत्रक



वैशाखाच्या उन्हात पुरावर बोलायला बोलावलंत, हे बरं केलंत. श्रावणात बोलावलं असतंत, तर निम्मे श्रोते नदीनाक्यालाच अडकले असते.

टेमघर म्हटलं की पुणेकरांना मुठेवरचं धरण आठवतं. आपलं टेमघर भिवंडीचं, जलशुद्धीकरण केंद्राचं. शहाडला उल्हास नदीतून उचललेलं पाणी इथं शुद्ध होतं. जी नदी फुगली की आपण घाबरतो, तिचंच पाणी आपण पितो. तिकडे पंपघरात पाणी शिरलं, तर इकडे दारात पाणी आणि नळ कोरडा.

भिवंडीला पाणी दोन बाजूंनी कोंडतं. वरून कामवारी आणि उल्हास, खालून खाडी. पावसाचा नेम नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. पण खाडीचं वेळापत्रक वर्षभर आधी छापून येतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान. आपल्या कोळी-आगरी घरांतल्या म्हाताऱ्यांना विचारा, ते तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतील. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. हा किनाऱ्याचा ठोकताळा; खाडीत आत पाणी चढायला आणखी वेळ लागतो. मोठा पाऊस आणि उधाणाची भरती एका वेळी आली, की नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही. पूर्वी ते खारजमिनीत, भातशेतीत पसरायचं. आता तिथं भराव टाकून गोदामं उभी आहेत. माल कोरडा राहतो, वस्ती भिजते. याबद्दल भांडायलाच हवं, पण ते भांडण या पावसाळ्याआधी मिटणार नाही.

तोवर स्वयंसेवकांनी काय करायचं? आपल्याकडे स्वयंसेवक म्हणजे छातीभर पाण्यात उडी घेणारा, असं चित्र आहे. मला त्याची भीती वाटते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना काढणारी बोट उलटली. बोट गावातलीच होती. हेतूत खोट नव्हती. माणसं मात्र बोटीला पेलतील त्याहून जास्त बसली होती. डझनाहून अधिक जीव गेले. त्याच्या थोडंच आधी, २७ जुलैला, बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. सुमारे हजार प्रवासी, आणि सगळे सुखरूप. बोटी एनडीआरएफ आणि नौदलाच्या होत्या. आसपासचे गावकरीही मदतीला धावले. वाट, चढ, कोरडी जागा हे ज्ञान गावाकडेच असतं. ते पुरवणं हे मोठं काम आहे, आणि त्यासाठी पोहता येण्याची गरज नाही.

सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे यादी: पाणी चढलं तर कुठून कुणाला बाहेर काढायचं, त्याची. मतदारयादी घेऊन बसाल तर फसाल. आपला यंत्रमाग कामगार उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, तेलंगणातून आलेला. एकाच खोलीत दिवसपाळीचे रात्री झोपतात, रातपाळीचे दिवसा. कागदावर त्या खोलीत कुणीच राहत नाही. रात्री दोनला पाणी चढलं, तर तिथं किती माणसं झोपलेली असतील, हे फक्त मुकादमाला आणि खानावळवालीला ठाऊक. म्हणून पहिली भेट त्यांची घ्या. हिंदी, उर्दू, तेलुगू बोलणारी पोरं-पोरी बरोबर हवीत. नुसत्या मराठी भोंग्यावर भिवंडी रिकामी होणार नाही.

दुसरा रकाना चालता न येणाऱ्यांचा. अंथरुणाला खिळलेले, दिवस भरत आलेल्या बायका, डायलिसिसवाले. प्रत्येकापुढे दोन शेजाऱ्यांची नावं लिहा. एकच लिहिलंत, तर तो नेमका त्या दिवशी कामावर असेल.

तिसरं, लोकांना जिथं हलवायचं त्या शाळेची किल्ली. ती एकाच शिपायाकडे असू नये. विजेचा मेन स्विच कुठं आहे, तो कुणी बंद करायचा, हेही आत्ताच ठरवा. उघड्या गटारांवर बांबू रोवून खूण करा.

मृगाला अजून अवकाश आहे. ज्येष्ठ ते भाद्रपदातल्या उधाणांच्या तारखा आणि भरतीच्या वेळा मी कागदावर उतरवून आणल्या आहेत. तो कागद इथल्या फळ्याला लावतो. जे ज्या गल्लीची यादी करणार, त्यांनी खाली आपलं नाव लिहावं.