मोठा मासा आणि लहान तळे



गळ टाकून बसणाऱ्या मनुष्याला तळ्याविषयी एकच प्रश्न पडतो : यंदा मासा मिळेल काय? मत्स्यशास्त्राच्या अभ्यासकाचा प्रश्न थोडा निराळा असतो : या तळ्यात मासे किती आहेत, कोणत्या वयाचे आहेत, आणि त्यांची पुढची पिढी कोठे आहे? वरवर पाहता पहिला प्रश्न हौसेचा आणि दुसरा शास्त्राचा. परंतु दुसऱ्याचे उत्तर हाती नसेल तर पहिल्याचे उत्तर दैवावर सोपवावे लागते. आजच्या व्याख्यानात हे दोन्ही प्रश्न एका लहान तळ्याच्या संदर्भात आपल्यापुढे मांडावयाचे आहेत. ते तळे म्हणजे कुमाऊँमधील भीमताल.

उत्तराखंडच्या नैनीताल जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर हे तळे आहे. नैनीताल, सातताल, नौकुचियाताल आणि खुर्पाताल ही त्याची शेजारची भावंडे. भीमताल मुळात निसर्गनिर्मित. पण १८८३ साली त्याच्या एका टोकाला दगडी बांध घालण्यात आला आणि तेथे साठणारे पाणी खाली भाबर प्रदेशातील शेतीला मिळू लागले. तळ्याच्या मध्यभागी एक लहानसे बेट आहे. काठाने फिरावयास निघालेला मनुष्य थोड्याच वेळात तळ्याला वळसा घालून परत येतो. असे हे आटोपशीर तळे. त्यातील माशांची संख्या फार मोठी असणे शक्य नाही, हे आरंभीच ध्यानात ठेवावयास हवे.

या तळ्याची कीर्ती सोनेरी महासीर या माशाने वाढविली. हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यांतून राहणारा हा मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा आणि विलक्षण ताकदीचा मासा. आपल्याकडे सह्याद्रीच्या नद्यांतून ज्याला खडस म्हणतात तो याचाच सगोत्र. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांना गळाचा मोठा शौक होता. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली भारतातील गळाच्या मासेमारीवर ग्रंथ लिहिला. त्यात महासीरला मानाचे स्थान आहे. पाण्यात विष कालवून किंवा सुरुंग उडवून मासे मारण्याचे प्रकारही त्या काळी सर्रास चालत. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने ते निषिद्ध ठरविले. म्हणजे मासे कमी होत असल्याची चिंता आजची नाही. तिला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

आता या माशाचा संसार कसा चालतो ते पाहू. महासीर हा मूळचा वाहत्या पाण्यातला मासा. तळ्यात तो वाढतो, पोसतो. परंतु अंडी घालण्यासाठी त्याला स्वच्छ, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी आणि तळाशी खडे-वाळू असलेली जागा लागते. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत तो तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यांच्या मुखाकडे ओढ घेतो. रोहू माशाची मादी तिच्या वजनाच्या दर किलोमागे दोन ते तीन लाख अंडी घालते. महासीरच्या मादीच्या बाबतीत हाच आकडा काही हजारांचा असतो. शिवाय ती निदान तीन-चार वर्षांची झाल्याखेरीज अंडी घालू लागत नाही. ज्या प्राण्याची संतती मोजकी आणि वयात येणे उशिराचे, त्याच्या वंशाला थोडीशी तूटही लवकर भरून काढता येत नाही.

त्यातच ओढ्यांची मुखे गाळाने बुजली, काठावर बांधकामे उभी राहिली, किंवा ऐन हंगामात तळ्याची पातळी खाली गेली, तर महासीरला अंडी घालावयास जागा उरत नाही. मोठे मासे तळ्यात फिरताना दिसतात, गळाला लागतात, लोक समाधानी असतात. आणि इकडे पाळणा मात्र रिकामाच राहतो.

दुसरा प्रश्न आहे तो शेजाऱ्यांचा. १९३९ साली सिलोनमधून सायप्रिनस जातीचा मासा निलगिरीच्या तळ्यांत आणण्यात आला आणि तेथून तो हिमालयातील तळ्यांपर्यंत पोहोचला. पुढे चंदेरा आणि गवत्या हे मासेही अनेक तळ्यांत सोडण्यात आले. यामागचा हेतू वाईट नव्हता. लोकांना स्वस्त आणि सकस अन्न मिळावे, हाच त्यामागचा विचार होता. परंतु प्रत्येक मासा आपली जीवनपद्धती बरोबर घेऊन येतो. सायप्रिनस तळाचा चिखल उकरून खाद्य शोधतो. त्यामुळे पाणी गढूळ होते. गवत्या पाणवनस्पती खातो. त्याच वनस्पतींच्या आडोशाला इतर माशांची पिले वाढत असतात. चंदेरा पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींवर जगतो आणि आमिषाकडे सहसा ढुंकूनही पाहत नाही. तेव्हा तळ्यात माशांचे एकूण वजन वाढले असतानाही गळ टाकणाऱ्याच्या हाती काही लागू नये, असे घडू शकते. ‘तळ्यात मासे पुष्कळ आहेत’ हे विधान कोणते मासे ते सांगितल्यावाचून अपुरेच राहते.

तिसरी गोष्ट प्राणवायूची. ती शेजारच्या नैनीतालच्या उदाहरणावरून चांगली समजते. उन्हाळ्यात अशा खोल तळ्याचे वरचे पाणी तापते आणि हलके होऊन वरच राहते. खालचे थंड व जड पाणी वर येत नाही. गावातून वाहून आलेला सेंद्रिय मल तळाशी कुजतो आणि तेथील प्राणवायू संपवितो. थंडी पडू लागली की वरचे पाणीही निवते, जड होऊन खाली उतरते आणि सारे तळे ढवळले जाते. खालचे प्राणवायूहीन पाणी त्या वेळी वर येते आणि मासे मरून पडतात. नैनीतालमध्ये हिवाळ्यात असे प्रसंग आले. म्हणून २००७ पासून त्या तळ्याच्या तळाशी यंत्राने हवा सोडण्यात येऊ लागली. भीमतालही याच जातीचे तळे आहे. त्याचे पाणी बिघडू न देणे हे बिघडलेले पाणी यंत्राने सुधारण्यापेक्षा सोपे आणि स्वस्त आहे, हा नैनीतालचा धडा होय.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. तळ्यातील मासे मोजावयाचे कसे? पाणी उपसून तर मोजता येत नाहीत. डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ पेटरसन यांच्या नावाने ओळखली जाणारी एक युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात आहे. समजा, आपण शंभर मासे धरले, प्रत्येकाच्या परावर खूण केली आणि त्यांना पुन्हा पाण्यात सोडले. काही दिवसांनी ऐंशी मासे धरले. त्यांत खुणेचे आठ निघाले. म्हणजे दर दहांत एक खुणेचा. खुणेचे मासे एकंदर शंभर. तेव्हा तळ्यात सुमारे हजार मासे असावेत. खुणा गळून पडू नयेत, मासे एकमेकांत नीट मिसळावेत आणि मधल्या काळात फारसे मासे मरू नयेत, एवढी पथ्ये मात्र पाळावी लागतात. माशाच्या खवल्यावरील वलये पाहून त्याच्या वयाचाही अंदाज करता येतो.

याहून साधे आणि कमी खर्चाचे साधन गळाच्या हौशी मंडळींच्या हाती आहे. ते म्हणजे नोंदवही. कोणत्या दिवशी, किती तास गळ टाकला, कोणत्या जातीचे किती मासे लागले, प्रत्येकाची लांबी व वजन किती, एवढे लिहिले की पुरे. मात्र ज्या दिवशी काहीच लागले नाही तो दिवसही तितक्याच निष्ठेने नोंदवावयास हवा. आपल्याकडे नेमके उलटे होते. मोठ्या माशाचे छायाचित्र भिंतीवर लागते आणि रिकाम्या हाताने परतलेले वीस दिवस कोणाच्याही स्मरणात राहत नाहीत. अशा स्मरणावरून तळ्याची स्थिती ठरविणे म्हणजे केवळ सणावारांची जेवणे पाहून एखाद्या घरची सुबत्ता ठरविण्यासारखे आहे.

अशा नोंदींचे मोल किती, हे कावेरी नदीने दाखवून दिले. ती नदी आहे, तळे नव्हे. पण तेथे जे घडले ते आपल्या तळ्याला तंतोतंत लागू पडते. कर्नाटकात गालिबोरे येथील गळाच्या शिबिरात १९९८ ते २०१२ या काळातील माशांच्या नोंदी ठेवलेल्या होत्या. येणारे हौशी लोक मासा धरीत, मोजीत आणि परत सोडून देत. कावेरीत पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी झाक असलेल्या परांचा महासीर पूर्वीपासून राहतो. १९७० नंतरच्या काळात तेथे निळसर परांचा महासीरही सोडण्यात आला होता. त्याचे बीज लोणावळ्याजवळील वळवणच्या केंद्रात तयार झाले होते. हा मासा म्हणजे आपला खडसच. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याच्या नावात तो देशी शब्दही राखला. वळवणच्या केंद्राने एका दुर्मीळ होत चाललेल्या माशाची पैदास करून दाखविली, हे कार्य मोलाचेच होते. परंतु जो मासा एका नदीत घरचा, तो दुसऱ्या नदीत पाहुणा असतो.

गालिबोरेच्या नोंदींचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातून असे दिसले की निळसर परांचे मासे संख्येने वाढत गेले आणि त्यांचे सरासरी वजन घटत गेले. म्हणजे त्यांची पिले जगत होती. मूळच्या उंचवट्याच्या महासीरची संख्या मात्र घटत गेली आणि जे थोडे लागत ते पूर्वीपेक्षा अधिक मोठे असत. गळ टाकणाऱ्याला हा भाग्ययोग वाटावा! वस्तुतः ती धोक्याची खूण होती. लहान मासे लागत नव्हते, कारण ते नव्हतेच. उरले होते ते केवळ वृद्ध. २०१८ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने या माशाची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून केली.

या कहाणीचे तात्पर्य माझ्या मते एकच आहे. तळ्याचे किंवा नदीचे भवितव्य तेथे सापडलेल्या सर्वांत मोठ्या माशावरून पाहू नये. सर्वांत लहान माशावरून पाहावे. सोनेरी महासीरही संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. भीमतालमध्ये वर्षानुवर्षे केवळ मोठेच महासीर दिसत राहिले आणि वीतभर लांबीची पिले कोठे आढळली नाहीत, तर आनंद मानण्याऐवजी शोध घ्यावयास हवा.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे दरवर्षी बोटुकली आणून सोडणे. भीमताल येथेच भारतीय कृषी संशोधन परिषदेची थंड पाण्यातील मत्स्यव्यवसायाचा अभ्यास करणारी संस्था आहे. १९८७ मध्ये स्वतंत्र केंद्र म्हणून तिची स्थापना झाली. महासीरची अंडी वाहत्या पाण्याच्या तबकांत उबवून पिले वाढविण्याचे तंत्र तेथे विकसित झाले आहे आणि त्याचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र ज्या तळ्यात पिलांना आडोसा नाही, तळाशी प्राणवायू नाही आणि ओढ्याचे मुख बुजलेले आहे, तेथे बोटुकली सोडणे म्हणजे तळ फुटलेल्या घागरीत पाणी भरण्यासारखे होईल. सोडलेल्या पिलांवर खूण केलेली असेल तर त्यांपैकी किती जगली हे दोन-तीन वर्षांत कळते. खूण न करता सोडलेल्या पिलांचा हिशेब कागदावरच राहतो.

मग गळ टाकणाऱ्यांनी काय आशा धरावी? माझे उत्तर निराशेचे नाही. अंडी घालण्याच्या काळात गळ बंद ठेवावा, ओढ्यांच्या मुखाशी तर मुळीच टाकू नये. उलटा काटा नसलेला गळ वापरावा. मासा पाण्याबाहेर क्षणभरच धरावा, आणि तोही ओल्या हातांनी, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही आणि त्याला रोगाची बाधा होत नाही. कडक उन्हाळ्यात, पाणी तापलेले असताना थकलेला मासा सोडूनही जगत नाही. ते दिवस टाळावेत. महासीर सोडून द्यावा. खाण्यासाठी न्यावयाचा असेल तर बाहेरून आलेला सायप्रिनस न्यावा. त्याने तळ्याचे हितच होईल. काठावर एक नोंदवही असावी आणि ती दरवर्षी अभ्यासकांच्या हाती जावी.

एवढे पथ्य पाळले तर भीमतालसारख्या लहान तळ्यातही महासीरची ओढ हाताला जाणवण्याचा आनंद पुढच्या पिढीला मिळू शकेल. ती ओढ रोज जाणवणार नाही. थंड, स्वच्छ पाण्याचे तळे माशांच्या बाबतीत नेहमीच काटकसरी असते, आणि त्याच्याकडून मिळेल तेवढ्यावर संतोष मानण्यात त्याचेही आयुष्य वाढते आणि आपल्या छंदाचेही.