वारंवार बंद पडणारा संगणक : निदान आणि उपाय

(बीड जिल्ह्यातील सेवा केंद्रांच्या संगणकचालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



दिवाळी सरली की आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. निघण्यापूर्वी मुलांचे दाखले, सातबाराचा उतारा, एखादा राहिलेला अर्ज अशी कामे उरकण्यासाठी ती आपल्या केंद्रात येतात. अशा वेळी संगणक दर दहा मिनिटांनी बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला, तर भरलेला अर्ज वाया जातो आणि माणसाची दिवसाची मजुरी बुडते. ‘यंत्र जुने झाले’ असा शेरा मारून नव्याची मागणी करणे सोपे आहे. परंतु दोष कित्येकदा कूलरच्या एका निसटलेल्या खुंटीत असतो.

उष्णतेचा निचरा

प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. काम करताना तो तापतो. ही उष्णता त्याच्यावर बसविलेला धातूचा ठोकळा ओढून घेतो आणि पंखा ती हवेत सोडतो. या दोहोंना मिळून आपण कूलर म्हणतो. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यात सूक्ष्म फटी राहतात. हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक; तांबे तिच्याहून दहा हजार पटींहूनही अधिक उष्णता वाहते. त्या फटी भरण्यासाठी थर्मल पेस्ट लावतात. कूलर एका कोपऱ्यातून जरी उचलला गेला, तरी मध्ये हवा शिरते. मग पंखा कितीही वेगाने फिरो, उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून ‘पंखा तर फिरतो आहे’ हा पुरावा पुरेसा नव्हे.

तापमान वाढू लागले की प्रोसेसर प्रथम आपला वेग कमी करतो. अनेक प्रोसेसरांत ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तरीही ताप वाढला, तर जळून जाण्यापेक्षा तो यंत्र बंद करतो. हे बंद पडणे म्हणजे यंत्राने स्वतःचे केलेले संरक्षण होय.

शीतकरणाचे महत्त्व आपल्या जिल्ह्याला नव्याने सांगावयास नको. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीच्या औष्णिक केंद्रातील वीजनिर्मिती थांबवावी लागली होती. यंत्र महाकाय असो वा टेबलावरचे, निचरा थांबला की कामही थांबते.

निदानाचा क्रम

प्रथम बंद पडण्याची रीत पाहावी. थंड यंत्र बराच वेळ चालते, बंद पडल्यावर लगेच सुरू केल्यास पूर्वीपेक्षा लवकर बंद पडते आणि अर्धा तास विसावा दिल्यास पुन्हा तग धरते, असे असेल तर संशय उष्णतेवर घ्यावा. वेळेचा काहीच नियम नसेल, तर विजेचा दाब, यूपीएसची बॅटरी, पॉवर सप्लाय व रॅम तपासावी. विंडोजच्या नोंदीत ‘कर्नेल-पॉवर ४१’ दिसल्यास घाबरू नये; यंत्र रीतसर बंद झाले नाही एवढाच तिचा अर्थ, कारण ती सांगत नाही.

नंतर यंत्र सुरू होताना बायोस उघडून प्रोसेसरचे तापमान पाहावे. काहीही काम चालू नसताना ते काही मिनिटांत ९० अंशांकडे चढू लागले, तर कूलर नीट बसलेला नाही अथवा पंखा थांबला आहे, असे समजावे. बाहेरचा पारा चाळिशीपार गेलेल्या मे महिन्यात हे आकडे थोडे अधिक येणारच.

दुरुस्ती

यंत्र बंद करून वायर काढावी व ते निवू द्यावे. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. कॅबिनेट आडवे ठेवून चारही खुंट्या पाहाव्यात. उभ्या कॅबिनेटमध्ये कूलर आडवा लोंबकळत असतो. खाचखळग्यांच्या रस्त्यावरून यंत्र आणले असेल, तर अर्धवट बसलेली खुंटी निसटू शकते.

कूलर काढल्यास जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल व धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी. पिना असलेल्या प्रोसेसरवरील कूलर सरळ ओढू नये. हळूच डावीउजवीकडे फिरवून सोडवावा, अन्यथा प्रोसेसरच उपटून येतो. नव्या कूलरच्या तळाशी प्लॅस्टिकचा पापुद्रा असल्यास तो काढावा. मधोमध वाटाण्याच्या लहान दाण्याएवढी पेस्ट पुरते. जाड थर उलट अडथळाच ठरतो. खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांनी, कर्णरेषेत, ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबाव्यात. स्क्रू असल्यास तेही याच क्रमाने थोडेथोडे आवळावेत. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच जोडावी आणि तापमान पुन्हा पाहावे. ते स्थिर राहिले, तरच काम पूर्ण झाले असे मानावे.

एक विनंती

उन्हाळ्यापूर्वी एकदा धूळ काढावी, खुंट्या तपासाव्यात आणि तारीख कॅबिनेटवर लिहून ठेवावी. मुदत संपत आलेल्या अर्जासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला यंत्राचे कारण पटत नाही. त्याला काम हवे असते. म्हणून यंत्र निकामी ठरविण्यापूर्वी त्याचा दोष शोधावा. त्यातच केंद्राचा पैसा आणि गावकऱ्याचा दिवस वाचतो.